साडूची भाषा

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी ओळखण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं. त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही. त्याचं जरा कमी चांगलं व्हावं, एवढीच माझी इच्छा असायची.

आम्ही दोघं भडगाव तालुक्यातल्या, गिरणेकाठच्या एका गावचे जावई. मी थोरलीचा नवरा, तो धाकटीचा. मी मूळचा धुळ्याचा. तिथंच इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुढे जळगावला एमआयडीसीत छोटा कारखाना टाकला. शेतातल्या मोटारी आपोआप चालू करणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. साडू पुण्याला गाड्यांच्या आतल्या चिपांचे प्रोग्राम लिहायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला घरून काम करायची मुभा मिळाली आणि तो बिऱ्हाड घेऊन धुळ्याला आला. माझ्या धुळ्याला. तेही मला आवडलं नाही, पण धुळं काही माझ्या नावावर नाही.

सासरी जेवण झालं की तो आपलं ताट स्वतः धुतो. पहिल्यांदा धुतलं तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना गावात सगळे अक्का म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. पुढच्या खेपेला मी ताट उचललं, तर अक्का लगबगीनं पुढे आल्या. “ऱ्हाऊ द्या पाव्हना, तुम्हले सवय नही.” ताट माझ्या हातून घेतलं गेलं आणि साडू नळाशी उभा राहून आपलं घासत होता. आवाज चढवत नाही, कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही, ढेरी नाही. माणसानं तक्रार करायची तरी कशाची?

एक गोष्ट मात्र माझी होती, आणि ती त्या गावात सगळ्यांना ठाऊक होती. ती म्हणजे माझी पेटी.

आमच्याकडे शेताची लाइट ठरलेल्या तासांनाच येते. ती आली की पेटी मोटार सुरू करते, माणसानं विहिरीवर बसून राहायला नको. पण त्यात एक घोळ असायचा. शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला आम्ही डीपी म्हणतो. सासऱ्यांच्या डीपीवर नऊ शेतं. लाइट आली की नऊच्या नऊ मोटारी एकदम उठायच्या आणि डीपीचा फ्यूज उडायचा. मग सगळ्यांनी काठी घेऊन डीपीखाली जमायचं आणि एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करायचा. म्हणून मी पेटीला एक बटण दिलं, गोल फिरणारं, एक ते नऊ आकड्यांचं. एकवर लावलं की मोटार एक मिनिट थांबून सुरू होणार, दोनवर दोन मिनिटं, असं नऊपर्यंत. प्रत्येकानं आपला आकडा धरायचा, म्हणजे भांडण मिटलं. आधी उठणाऱ्या मोटारीला पूर्ण दाबाची वीज मिळते, मागच्यांना उरलीसुरली, म्हणून पहिला नंबर हा मानाचा. सासरे गावात वयानं मोठे, सगळे त्यांना आबा म्हणतात. पेट्या बसवल्या त्या दिवशी नऊही शेतकऱ्यांसमोर मी माझ्या हातानं आबांचं बटण एकवर लावलं. कुणीतरी नारळ फोडला. त्या दिवसापासून त्या गावात मी ‘मोटरवाले पाव्हने’ झालो.

फ्यूज पुन्हा उडाला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. हे मी दर लग्नात कुणा ना कुणाला सांगत असे.

त्या पेटीतला प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता. इवलीशी चिप, आतल्या एका एका बाइटच्या जागेसाठी काटकसर करायची. धुळ्याला शिकलो ती हीच भाषा, आणि तिच्यावर माझा जीव. सी म्हणजे कसलेला गडी. सांगाल ते करतो, ‘का’ म्हणून विचारत नाही. बायको म्हणते, तुम्हाला आवडली यात नवल नाही.

मग ती चिप बाजारात मिळेनाशी झाली. मुंबईच्या व्यापाऱ्यानं हात वर केले. नवी चिप घ्यायची तर प्रोग्राम नव्यानं लिहिणं आलं. त्याच सुमारास आबांच्या शेतकरी गटानं साऱ्या शिवारासाठी नव्या पेट्या घ्यायचं ठरवलं. आबा गटाचे प्रमुख. त्यांच्या डीपीवर जी पेटी चालेल तीच पुढे सगळीकडे लागणार होती. मी कारखान्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांनी येणाऱ्या या अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, वाण देतात. आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. वैशाख उलटून गेला तरी ऊन असं की अंगणात पाय ठेवता येत नव्हता. पाटावर शेजारी शेजारी बसलो. खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, पुरणाचे धोंडे. आबा समोर बसले होते. रसाची दुसरी वाटी झाली तेव्हा त्यांनी पेटीचा विषय काढला.

“नवी चिप आहे आबा, पण प्रोग्राम सीमध्येच लिहिणार,” मी म्हणालो. “चिंता नको.”

साडू पोळीचा घास रसात बुडवत म्हणाला, “दादा, रस्टमध्ये लिहिला तर?”

रस्ट ही नवी भाषा. तिचं नाव मी ऐकून होतो. पुण्या-बंगळूरकडची तरुण मंडळी तिच्यामागे लागली आहेत, एवढं माहीत होतं. मला वाटलं, आता आबा दटावतील. ते म्हणाले, “सी काय आन रस्ट काय, आम्हले काय समजस? फरक काय शे तेवढं सांगा.”

मी सांगितलं. सी पन्नास वर्षं टिकली आहे, जगातली निम्मी यंत्रं तिच्यावर चालतात. उद्या माझं बरंवाईट झालं तर जळगावात कुणीही पोरगा पेटी दुरुस्त करील. अख्ख्या खानदेशात रस्ट येणारी माणसं बोटांवर मोजावी लागतील.

“ते खरं आहे दादा,” साडू म्हणाला.

वाद घालणाऱ्याशी भांडता येतं. मान डोलावणाऱ्याशी काय करायचं?

मग तो आबांना म्हणाला, “रस्ट फार विचारते आबा. प्रोग्राम पेटीत जायच्या आधी, इथं टेबलावरच. एखादी गोष्ट डब्यात मावणार नसेल तर तिथंच अडवते. एकाची वस्तू दुसऱ्यानं न विचारता वापरली तर पुढे जाऊ देत नाही. काम हळू होतं, पण शेतात गेल्यावर घोळ कमी.”

अक्का वाढता वाढता थांबल्या. “म्हनजे सासूच शे ती!”

सगळे हसले. आबा तर ठसका लागेपर्यंत हसले. अक्कांच्या तोंडून असा विनोद माझ्या कोणत्याही बोलण्यावर आजवर निघाला नव्हता. रस मला आंबट लागायला लागला.

हात धुऊन झाल्यावर आबांनी निकाल दिला. “धाकला पाव्हना लिखतीन, मोठा पाव्हना तपासतीन.”

ऐकणाऱ्याला हा मोठ्याचा मानच वाटावा. बायकोलाही तसंच वाटलं. मला मात्र कळलं की नारळ आणि शाल देऊन मला घरी बसवलं आहे. परतीच्या रस्त्यावर एरंडोल येईपर्यंत मी आरशातून मागेच बघत होतो. मागच्या सीटवर वाणाचं चांदीचं निरांजन होतं. साडूलाही तसंच मिळालं होतं, आणि माझ्यापेक्षा त्याचं जड असावं अशी मला शंका होती.

तपासायचं म्हणजे वाचता यायला हवं. म्हणून मी रस्ट शिकायला घेतली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत दार लावून बसायचो. साडूला कळू नये ही पहिली अट. बायकोनं चार दिवसांत ओळखलं.

“त्यांचं वाचायला शिकताय की त्यांच्या चुका काढायला?”

“तपासनीस आहे मी.”

“हो, हो. बरा सापडला तपासनीस.”

त्या भाषेनं मला रडवलं. सीमध्ये जे डोळे मिटून लिहीत आलो, ते लिहिलं की पडद्यावर लाल अक्षरांत भलंमोठं पत्र यायचं. ही वस्तू तुम्ही वरती दुसऱ्याला देऊन टाकली आहे, आता पुन्हा कशी वापरता? पत्राखाली, असं करून बघा, म्हणून सल्लाही. हुबेहूब साडू! चूक काढायची आणि वर नम्रपणे मदत करायची. मी एकदा चिडून कीबोर्डवर हात आपटला, तर एक बटण निघून आलं.

पण लोखंडाशी वीस वर्षं काढलेल्या माणसाला चांगलं अवजार हातात आलं की कळतं. एके दिवशी तिनं मला ज्या गोष्टीवरून अडवलं, ती गोष्ट मी सीमध्ये वर्षानुवर्षं करत आलो होतो. प्रोग्रामचे दोन भाग एकाच आकड्यात एकाच वेळी लिहीत होते. मोटार कधीमधी उगाच बंद पडते, अशी तक्रार आली की मी वीज मंडळाला दोष द्यायचो. सीनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दुपारी डबा तसाच राहिला. भाषा चांगली आहे हे पटलं, आणि ती त्यानं आधी निवडली होती, म्हणून जास्त पोटात दुखलं.

दीड महिन्यानं साडूचा प्रोग्राम आला. सोबत दोन ओळी. ‘दादा, निवांत बघा. जे खटकेल ते सांगा.’

मी निवांत बघितला नाही. हावरटासारखा बघितला. स्वच्छ लिहिलेला, जागोजागी मराठीत टिपा. पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मला घाम फुटायची वेळ आली. तिसऱ्या दिवशी चूक सापडली, आणि ती बघून मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मोटारीनं किती थांबायचं ते मोजायची ती ओळ. चिप सेकंदाचे हजार भाग करून वेळ मोजते, म्हणजे एक मिनिट झालं साठ हजार. बटणावरचा आकडा गुणिले साठ हजार, एवढा साधा हिशेब. पण उत्तर ठेवायला साडूनं दोन बाइटचा डबा घेतला होता, आणि दोन बाइटमध्ये पासष्ट हजार पाचशे पस्तीसच्या वर काही मावत नाही. जास्त झालं की जुन्या मोटारसायकलच्या मीटरसारखं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एक मिनिट मावेल. दोन मिनिटांचे एक लाख वीस हजार कुठून मावणार? रस्टनं इथं अडवायला हवं होतं. पण त्यानं तिला मुद्दाम गप्प केलं होतं. मावलं नाही तर गुंडाळून घे, तक्रार करू नकोस, असा त्या भाषेत एक स्पष्ट हुकूम आहे, तोच त्यानं तिथं लिहिला होता.

मी कागद घेतला. एकवर लावलं तर साठ सेकंद, बरोबर. दोनवर चोपन्न. तीनवर एकोणपन्नास. उतरत उतरत नऊवर सोळा सेकंद! म्हणजे मानाचा पहिला नंबर सगळ्यांत शेवटी आणि नववा सगळ्यांच्या आधी. पेटी उलटी मोजणार होती. पुण्याहून आलेला, ताट धुणारा, सासूला हसवणारा माझा साडू शाळकरी चूक करून बसला होता. मी कारखान्यातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

त्या ओळीच्या वर एक टीप होती. ‘ही ओळ अशीच ठेवायची. आबांशी बोलणं झालं आहे.’

ती वाचून चहा कडू झाला. आबांशी बोलणं झालं आहे! तपासणारा मी आणि बोलणं आबांशी. माझ्या पाठीमागे सासऱ्या-जावयाच्या बैठका चालल्या होत्या तर. मी साडूला फोन केला नाही. माझी जुनी सी उघडून बघावी हे तर मनातही आलं नाही, आपला तो बाब्या. कागद खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. आबांना, शक्यतो चार माणसांसमोर, तो हिशेब दाखवायचा होता.

त्या आठवड्यात लाइट दिवसाची होती, सकाळी साडेआठला यायची. मी पोचलो तेव्हा आबा विहिरीजवळ निंबाखाली बसले होते. शेजारच्या शेताचे मालक, आम्ही ज्यांना भाऊ म्हणतो, तेही होते. मला दोन साक्षीदार पुरेसे होते. पाणी प्यालो, पिकाची चौकशी केली आणि कागद उलगडला.

“आबा, धाकट्या पाव्हण्यांच्या प्रोग्राममध्ये मोठी चूक आहे. त्यांची पेटी उलटी मोजणार. तुमची एक नंबरची मोटार सगळ्यांत शेवटी सुरू होईल, आणि नऊ नंबरवाल्याची आधी.”

आबांनी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी आपल्या चपलेकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना नीट समजलं नसावं. म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगायला लागलो, आणि तेवढ्यात लाइट आली. पेटीवरचा लाल दिवा लागला.

“ऐका,” आबा म्हणाले.

शिवारात शांत होतं. मग लांब, नाल्यापलीकडच्या शेतात स्टार्टर खटकन बसल्याचा आवाज आला आणि मोटार घुमायला लागली. “तो नऊवर शे,” भाऊ हळूच म्हणाले. थोड्या वेळानं दुसरी. “आठ.” मी घड्याळाकडे बघायला लागलो. पाच-सहा सेकंद गेले की एक खटका. सात. सहा. पाच. आवाज शेतं ओलांडत आमच्याकडे येत होता. भाऊंची मोटार तीनवर होती, ती उठली. मग दोन. सगळ्यांत शेवटी, बरोबर साठाव्या सेकंदाला, आमच्या पुढ्यातली आबांची पेटी खटकली. मोटार उठताना जरा कण्हली आणि मग चालू लागली.

त्या पेट्या साडूच्या नव्हत्या. माझ्या होत्या, सहा वर्षांपूर्वीच्या.

माझ्या हातातला कागद मला कुठं ठेवावा ते कळेना. बसवण्याआधी कारखान्यात मी पेटी एकवर लावून बघितली होती. घड्याळ लावून, बरोबर एक मिनिट. मग नऊ मिनिटं कोण थांबतो टेबलापाशी? दोन मी बघितलाच नाही. तोच दोन बाइटचा डबा माझ्या सीमध्येही होता, आणि सीनं तक्रार केली नव्हती. आणि फ्यूज उडत नव्हता, कारण पाच सेकंदांचं अंतर त्याला पुरत होतं.

“पहिलापासून उलटी मोजस,” आबा म्हणाले. “लोकेस्नी आपसमा आकडा बदली लिन्हात. आम्हले सवय व्हई गयी.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

“बठ्ठा शिवारले,” भाऊ म्हणाले.

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

आबांना हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. “जवाईनी चूक कोन काढस?”

सहा वर्षं. दर लग्नात मी फ्यूजची गोष्ट सांगायचो आणि हीच माणसं मान डोलवायची. पोळ्याला, साखरपुड्याला, कुणाच्या दहाव्याला भेटलो तरी ‘मोटरवाले पाव्हने, या, बसा’. एकाच्याही ओठावर आलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ अख्ख्या गावानं धरून ठेवली होती, आणि आज मी स्वतः चाळीस मैल गाडी चालवत येऊन ती उघडली. हात दाखवून अवलक्षण.

मग मला आबांच्या मोटारीचं आठवलं. दोनदा ती जळली होती, आणि दोन्ही वेळा आबांनी ती भडगावला नेऊन दुरुस्त करून आणली. जळगावात जावई असताना मला कळवलंही नाही, याचा मी तेव्हा राग धरला होता. शेवटी उठणारी मोटार, उरलीसुरली वीज. जळणारच.

“सगळ्यांनी आकडे बदलून घेतले, मग तुम्ही का नाही घेतला आबा? नऊवर लावायचं होतं.”

आबांनी पेटीकडे बघितलं. “तुम्हना हातनं लायेल शे. मी कसं बदलू?”

मी उठून बटणाला हात घातला, तर त्यांनी मनगट धरलं. “ऱ्हाऊ द्या. आते नवी पेटी ई ऱ्हायनी ना.”

बांधावर जाऊन मी साडूला फोन लावला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. “तुम्हाला कधी कळलं?”

तो काय ते लगेच समजला. “पहिल्याच दिवशी दादा. तुमचा प्रोग्राम ओळीला ओळ लावून रस्टमध्ये लिहिला आणि लॅपटॉपवर चालवला. दोन मिनिटं घातली तशी ती त्या ओळीवर थांबली. आधी वाटलं, माझंच काही चुकलं. मग आबांना विचारलं की शेतात काय होतं.”

“आणि?”

“ते म्हणाले, उलटीच राहू द्या. लोकांना सवय आहे, आणि मोठ्या पाव्हण्यांना वाईट वाटेल.” मग तो म्हणाला, “दादा, त्या चिपवर, तेवढ्या जागेत, मीही तेच लिहिलं असतं.”

खोटं. त्यानं नसतं लिहिलं. त्यानं दोनही तपासला असता आणि नऊही, नऊ मिनिटं टेबलापाशी निमूट बसून. मला त्याचा इतका राग आला की फोन गिरणेत फेकावासा वाटला. सहा वर्षं गावानं मला सांभाळलं ते एकवेळ ठीक, त्यांचा मी जावई आहे. पण हा कोण मला सांभाळणारा?

“आता काय करायचं?” मी विचारलं.

“तपासायचं काम तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तसं.”

घरी आलो. बायकोनं तोंड बघून काही विचारलं नाही, म्हणजे तिलाही माहीत होतं. दोन दिवस मी प्रोग्रामला हात लावला नाही. ती ओळ तशीच सोडली असती तर माझी चूक कायमची झाकली गेली असती. नव्या पेट्याही उलट्या मोजत राहिल्या असत्या आणि शिवारात कुणाचं काही अडलं नसतं. अडलं असतं ते फक्त आबांच्या मोटारीचं. नवी पेटी बसवतानाही त्यांनी माझाच आकडा धरला असता, आणि पुन्हा सगळ्यांच्या मागे राहिले असते.

तिसऱ्या दिवशी मी प्रोग्राम उघडला. दोनच्या जागी चार बाइटचा डबा घेतला, गुंडाळायचा हुकूम काढला. रस्टनं मला एकदा अडवलं. मी पत्र शांतपणे वाचलं, तिनं सांगितलं तसं दुरुस्त केलं. मग टेबलापाशी खुर्ची ओढून एकपासून नऊपर्यंत प्रत्येक आकडा घड्याळ लावून तपासला. त्याला पाऊण तास लागला. त्या प्रोग्राममधली ती माझी एकुलती एक ओळ. वरची टीप पुसून मी लिहिलं, ‘आता सरळ मोजते.’ चूक कुणाची ते लिहायचा धीर झाला नाही.

गणपतीनंतर नव्या पेट्या बसल्या. साडूही आला होता. आम्ही दोघं नऊही शेतं फिरलो, प्रत्येकाला सांगितलं की आता एक म्हणजे पहिला. लोकांनी साडूच्या पाठीवर थापा मारल्या, माझ्याकडे बघून नुसते हसले. आबांचं बटण मी पुन्हा माझ्या हातानं एकवर लावलं. मग निंबाखाली बसलो. भाऊ होते, नाल्यापलीकडचे होते, डीपीवरची जवळजवळ सगळी मंडळी होती.

लाइट आली. एक मिनिट सगळ्यांची नजर पेटीवर. मग सगळ्या शिवारात पहिली उठली ती आबांची मोटार. उठताना कण्हली नाही.

आबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला. “धाकला पाव्हना, आते बराबर मोजस हाई पेटी.”

ती ओळ माझी होती. आणि ती माझी आहे हे सांगायला गेलो, तर आधीची कुणाची होती तेही चारचौघांत सांगावं लागलं असतं. मी घड्याळाकडे बघत बसलो.

“ती ओळ दादांनी लिहिली आबा,” साडू म्हणाला. नेहमीच्याच आवाजात, चढवून नाही की उपकार केल्यासारखंही नाही. “मी उलटी ठेवली होती. सरळ त्यांनी केली.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आबांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. दुसरी मोटार सुरू झाली, मग मिनिटभरानं तिसरी. अजून सहा मिनिटं तिथं बसायचं होतं. साडूच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो.